जुनी नाणी विकताय? आधी छंद की धंदा ते ठरवा

‘आजोबांच्या डब्यातली नाणी विकली, त्यावर कसला आलाय कर?’ लक्ष्मीपूजनाला डबा उघडला की हा प्रश्न निघतोच. पूजेतली नाणी म्हणजे घरगुती वस्तू, म्हणून विकली तरी कर नाही, अशी समजूत असते. पण एका माजी संस्थानिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच सांगितलं, की महालक्ष्मीच्या पूजेत मांडलेल्या सोन्याच्या मोहरा आणि चांदीचे रुपये ही वैयक्तिक वापराची वस्तू होत नाही. त्यामुळे विकून झालेला नफा करपात्र ठरतो.

प्रश्न उरतो तो नफा कुठल्या खात्यात मोजायचा याचा. वारशाने आलेला किंवा हौसेने जमवलेला संग्रह क्वचित कधी विकला, तर तो भांडवली नफा. नाणं 24 महिन्यांहून जास्त काळ जवळ असेल तर कर 12.5 टक्के, त्याआत विकलं तर तुमच्या नेहमीच्या स्लॅबने. वारशाच्या नाण्याला आजोबांकडचा काळही धरला जातो, आणि 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या खरेदीला त्या तारखेचा बाजारभाव किंमत म्हणून घेता येतो.

समजा, चाळीस राणीछाप रुपये लिलावात 1,06,000 रुपयांना गेले. लिलावगृहाची दलाली 10,000 आणि 2001 ची किंमत 6,000 वजा केली की नफा 90,000. त्यावर कर 11,250, वर 4 टक्के उपकराचे 450. एकूण 11,700 रुपये. रिटर्न भरायचा आयटीआर-2 मध्ये.

पण विकण्यासाठीच लॉट उचलणं, दर महिन्याला ऑनलाइन माल टाकणं, प्रदर्शनात टेबल लावणं हा धंदा. कायद्यात अमुक नाणी विकली की धंदा, असा आकडा नाही. हेतू आणि वारंवारता पाहतात. मग आयटीआर-3, किंवा अनुमानित पद्धतीने, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून, आयटीआर-4. जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात मालासाठी 40 लाखांची आहे, पण धंदेवाल्याने करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की ती सवलत संपते. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो, आणि अशी नाणी परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाहीत.

कागदांचं मी अगदी कळकळीने सांगते: एक वही करा. प्रत्येक नाण्याचं वजन, साल, टांकसाळीची खूण, दोन्ही बाजूंचा फोटो, कुणाकडून आलं, कितीला. सोबत खरेदीची पावती, लिलावाचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, पॅन; वारशाला मृत्युपत्र किंवा वारसाचे कागद; 2001 च्या किमतीसाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल. संग्रहही विकता आणि धंदाही करता, तर दोन डबे आणि दोन वह्या ठेवा. सगळं एकत्र झालं की आजोबांचे रुपयेही दुकानाचा माल वाटू लागतात. पैसे बँकेतूनच घ्या. एका माणसाकडून दिवसात 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

आणि शेत नांगरताना हंडा लागला, तर तो विकायला काढायचा नाही. 1878 च्या कायद्यानुसार 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.