संत्र्याच्या आकाराचा पूल नको

नागपुरात देखणा पादचारी पूल बांधायचा विषय निघाला, की कुणीतरी संत्र्याचा आकार सुचवतंच. संत्र्याचा अभिमान मलाही आहे. पण शिल्पासारखा पूल हवा, तर त्याचं रूप वरून चिकटवून चालत नाही. पूल ज्या बलांना तोंड देतो, त्यांतूनच ते निघायला हवं.

इथे पहिलं बल उन्हाचं. मे महिन्यात हवाच 45 अंशांवर जाते, उन्हातलं पोलाद 60 च्या घरात. हिवाळ्याच्या पहाटे तेच पोलाद 10 अंशांवर असतं. दर अंशाला ते आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढतं. म्हणजे 100 मीटरचा पूल थंडीपेक्षा उन्हाळ्यात 6 सेंटिमीटर लांब! सरळ पुलाला म्हणून टोकाशी सरकती बेअरिंग, म्हणजे पुलाला सरकू देणारे आधार, आणि प्रसरण सांधा, म्हणजे वाढीसाठी ठेवलेली फट, द्यावी लागते. पूल आडवा वळणदार आखला, तर तापल्यावर तो थोडा बाहेर फुगू शकतो आणि टोकांवरचा ताण हलका होतो. डौलदार वळण असं कामाला येतं.

दुसरं बल पावलांचं. लंडनचा मिलेनियम पूल वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर, शिल्पकार अँथनी कॅरो आणि अरुप या कंपनीच्या अभियंत्यांनी मिळून घडवला. 10 जून 2000 रोजी तो खुला झाला आणि गर्दीखाली डावी-उजवीकडे डुलू लागला. आपण सेकंदाला साधारण 2 पावलं टाकतो. एक डावं, एक उजवं, म्हणून बाजूचा झोका सेकंदाला एक. पुलाची स्वतःची आडवी कंपनं याच्या जवळपासची होती. पूल हलताच लोक तोल सावरत त्याच्याच तालात चालले, त्याने डुलणं आणखी वाढलं. दोन दिवसांत पूल बंद झाला. कंपनं शोषणारे डॅम्पर बसवून तो 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. नाजूक पुलाचं चित्र आवडलं, की हा हिशेब त्याच बैठकीत व्हायला हवा.

आता सावली. मेच्या अखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्या वेळी बाजूच्या भिंतींचा काही उपयोग नाही, छतच हवं. चार वाजता ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, तिथे जाळी हवी, वारा खेळू देणारी. पूल उत्तर-दक्षिण असेल, तर हे छत पश्चिमेला खाली झुकेल आणि पूर्वेला मोकळं राहील. हा तिरपा आकार या शहराच्या उन्हाने ठरवलेला असेल. कठड्याला मात्र वरून लाकूड लावावं, तापलेल्या पोलादाला दुपारी हात लावता येत नाही.