ओरेगन किनारा (पर्यटन)

अमेरिकेतील ओरेगन राज्याची पॅसिफिक महासागरालगतची सुमारे ५८४ किमी लांबीची किनारपट्टी. उत्तरेला कोलंबिया नदीचे मुख, दक्षिणेला कॅलिफोर्नियाची सीमा. यूएस १०१ हा महामार्ग बराचसा किनाऱ्याच्या कडेने जातो. पोर्टलंडहून कॅनन बीच गाठायला गाडीने साधारण दीड तास लागतो, त्यामुळे त्या परिसरातली मराठी कुटुंबेही शनिवार-रविवारी इकडे वळतात. मात्र कोकणातल्यासारखे समुद्रात डुंबायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्या जागी तळाचे थंड पाणी वर येते. म्हणून ऐन जुलैतही पाण्याचे तापमान १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि सकाळी धुके दाटते. लाटांवर सर्फिंग करणारे बारा महिने जाड रबरी वेटसूट घालतात.

किनारा सर्वांना खुला आहे, तो कायद्याने. राज्यपाल ऑस्वाल्ड वेस्ट यांच्या काळात, १९१३ साली, भरतीच्या पाण्याने भिजणारा वाळूचा पट्टा सार्वजनिक महामार्ग म्हणून जाहीर झाला. कोरड्या वाळूचा प्रश्न शिल्लक होता. १९६६ मध्ये कॅनन बीच येथील एका मोटेलने आपल्यासमोरची वाळू फक्त पाहुण्यांसाठी अडवली, तेव्हा वाद पेटला. राज्यपाल टॉम मॅकॉल यांनी १९६७ मध्ये सही केलेल्या कायद्याने झाडाझुडपांच्या रेषेपर्यंतच्या वाळूवर लोकांचा वापरहक्क मान्य झाला. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वापार वहिवाटीच्या आधारे तो उचलून धरला.

कॅनन बीचचा हेस्टॅक रॉक हा ७२ मीटर उंचीचा सुळका पायथ्याच्या खडकांतल्या डबक्यांसाठी प्रसिद्ध आहे. तारामासे, हिरवी समुद्रफुले, शिंपले पाहायचे तर ओहोटीचे वेळापत्रक आधी बघावे. वेळापत्रकातल्या शून्य पातळीखाली पाणी उतरणारी ओहोटी हवी. वसंत-उन्हाळ्यात ती बहुधा सकाळी येते, हिवाळ्यात संध्याकाळी किंवा अंधार पडल्यावर. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि ते चुकीच्या ओहोटीला पोहोचतात. ओहोटीच्या तळवेळेच्या तासभर आधी जावे आणि पाणी वळताच परतावे. पाय वाळूवर किंवा उघड्या खडकावर ठेवावा, शिंपल्यांच्या थरावर नाही. सुळक्यावर चढायला बंदी आहे. एप्रिलपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे टफ्टेड पफिन पक्षी घरटी करतात.

सर्वांत मोठा धोका स्नीकर वेव्ह नावाच्या लाटांचा. बराच वेळ समुद्र शांत वाटतो आणि अचानक एक लाट नेहमीपेक्षा कितीतरी वर चढते. किनाऱ्यावर पडलेले ओंडके अशा वेळी वीतभर पाण्यातही तरंगून गडगडतात आणि त्यावर बसलेला माणूस त्याखाली सापडतो. समुद्राकडे पाठ करू नये हा इथला पहिला नियम. केप पर्पेचुआजवळच्या थॉर्स वेल या खडकातल्या भोकात पाणी उसळताना पाहण्याची उत्तम वेळ भरतीच्या आसपासची, आणि धोकाही नेमका तेव्हाच जास्त.

डंजेनेस खेकडे पकडणे हा घरगुती छंद. बारा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो. फक्त नर ठेवता येतात: पोटावरची झडप अरुंद तो नर, रुंद व गोलसर ती मादी. पाठीचे कवच बाजूच्या टोकांच्या लगेच पुढे, टोके न धरता, आडवे मोजून किमान १४.६ सेंमी भरावे लागते. माशांचे तुकडे किंवा कोंबडीचे मांस आमिष म्हणून चालते. उघडी जाळी दहा-पंधरा मिनिटांनी ओढावी. ओढताना मध्येच थांबले तर खेकडा बाहेर निसटतो. बंद पिंजरा जास्त वेळ ठेवता येतो. भरती किंवा ओहोटी थबकते तेव्हा पकड चांगली. जोराच्या प्रवाहात खेकडे फिरत नाहीत. खाडीच्या आतल्या टोकाला ही वेळ समुद्रावरच्या वेळेपेक्षा उशिरा येते, तेवढी सुधारणा करूनच निघावे. नुकती कात टाकलेला मऊ खेकडा मोजमापात बसला तरी आत मांस कमी आणि पाणीच जास्त. डोमोइक आम्ल या शैवालजन्य विषामुळे अधूनमधून बंदी लागते. शिजवल्याने ते नष्ट होत नाही, म्हणून निघण्याआधी सूचना पाहणे आवश्यक. छोट्या होडीने खाडीच्या मुखाशी जाऊ नये: ओहोटीचे बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारी लाट तिथे एकमेकांवर आदळतात आणि होड्या उलटतात.

फ्लॉरेन्स ते कूस बे दरम्यान सुमारे ६४ किमी पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांना १९७२ मध्ये राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा दर्जा मिळाला. वाळूवर धावणाऱ्या गाड्यांना उंच काठीवर झेंडा लावावा लागतो, नाहीतर टेकडीपलीकडून येणाऱ्याला त्या दिसत नाहीत. वाळू थोपवण्यासाठी लावलेले युरोपीय गवत आता टेकड्याच गिळत चालले आहे. १५ मार्च ते १५ सप्टेंबर या काळात स्नोई प्लोव्हर या पक्ष्याच्या घरट्यांसाठी राखलेल्या पट्ट्यांत कुत्रे, पतंग आणि गाड्या यांना बंदी असते. चालणाऱ्यांनी ओल्या वाळूवरूनच जावे.