तेल थकले की इंजिन झिजले?

जुनी गाडी जपणारी माणसे वापरलेल्या इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, अहवाल हाती येतो, आणि त्यात लोखंडाचा आकडा मोठा दिसला की यापुढे ऑइल लवकर बदलायचे असे ठरवून टाकतात. आकडा लहान असला, तर तेच ऑइल आणखी काही हजार किलोमीटर निर्धास्तपणे चालवतात. हे दोन्ही निर्णय चुकीच्या रकान्यावरून घेतलेले असतात, आणि ही गल्लत मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती एकदा सविस्तर सोडवून मांडणे मला आवश्यक वाटते. अहवालाच्या एकाच कागदावर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे छापलेली असतात: इंजिन किती झिजते आहे, आणि ऑइलमध्ये अजून किती दम शिल्लक आहे. ऑइल केव्हा बदलायचे हे दुसऱ्या उत्तरावरून ठरते.

पहिली बाजू बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. लोखंड लायनर, क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टकडून येते, क्रोमियम पिस्टन रिंगांकडून, ॲल्युमिनियम पिस्टनकडून, शिसे आणि कथील बेअरिंगांकडून, तर तांबे बेअरिंग, बुश किंवा ऑइल कूलरकडून. अमेरिकेतील डेन्व्हर ॲण्ड रिओ ग्रान्दे या रेल्वे कंपनीने १९४६ साली डिझेल लोकोमोटिव्हच्या वापरलेल्या तेलातील धातू मोजून इंजिनांतील बिघाड आधीच ओळखण्यास सुरुवात केली. धातूंची ही चाचणी जन्मापासूनच इंजिनाची नाडी पाहण्यासाठी आहे, आणि तिच्याकडून तेलाच्या आयुष्याचा निवाडा मागणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

तेलाचा दम वेगळ्या चाचण्या सांगतात. ज्वलनातून आणि ऑक्सिडेशनमधून आम्ले तयार होतात, आणि त्यांना निष्प्रभ करणारा अल्कधर्मी घटक ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. त्यातला किती उरला आहे ते टीबीएन (टोटल बेस नंबर) या आकड्यावरून कळते. दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, १०० अंश सेल्सिअसला मोजतात: ४० ग्रेडचे ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या पट्ट्यात राहायला हवे, त्यामुळे अहवालात ११.८ दिसले तर ते ऑइल ३० ग्रेडमध्ये घसरलेले असते. ऑक्सिडेशन अवरक्त किरणांच्या चाचणीतून समजते. ऑइलच्या काळेपणावरून मात्र काहीच ठरवू नये, कारण काजळी पोटात धरून ठेवणारे ऑइल काळे होणारच.

खरी फसगत पुढे आहे. धातूंच्या त्याच तक्त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि फॉस्फरस यांचेही आकडे असतात. हे घटक ॲडिटिव्हचे, म्हणजे ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनांचे, आहेत हे वाचकाला माहीत असते, म्हणून तो नव्या ऑइलचा कॅल्शियमचा आकडा आणि जुन्या ऑइलचा आकडा शेजारी ठेवतो, दोन्ही जवळजवळ सारखे पाहतो आणि ॲडिटिव्ह जसेच्या तसे शिल्लक आहे असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे. यंत्र तो नमुना हजारो अंश तापमानाच्या ज्योतीत टाकते, रेणू फोडते आणि सुट्या अणूंचा प्रकाश मोजते. ऑइलमधले कॅल्शियम कार्बोनेट आम्लाशी झुंजून कॅल्शियम सल्फेट झाले, तर त्याची आम्ल मारण्याची ताकद संपली, पण कॅल्शियमचा अणू तिथेच आहे आणि यंत्र तो इमानाने मोजते. झीजरोधक जस्त संयुगाचेही तसेच आहे: संयुग तुटून निकामी झाले तरी त्यातले जस्त बहुतांशी ऑइलमध्येच राहते. भांड्यातील राखेचे वजन करून चुलीत सरपण किती उरले हे सांगता येत नाही. कॅल्शियमच्या आकड्यावरून ऑइलचे आयुष्य सांगणे नेमके तसेच आहे. म्हणून ज्या अहवालात टीबीएन नाही, त्याच्या आधारे ऑइल बदलण्याचे अंतर वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे. कित्येक प्रयोगशाळांत ही चाचणी स्वतंत्रपणे मागवावी लागते आणि नेमकी तीच थोड्या पैशांसाठी वगळली जाते, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

आता लोखंडाकडे परत येऊ. झिजलेला धातू ऑइलमध्ये साठत जातो, त्यामुळे नुसत्या पीपीएमला, म्हणजे दहा लाख भागांत धातूचे किती भाग या आकड्याला, अर्थ नाही. तो किती किलोमीटरचा साठा आहे हे सोबत सांगावे लागते. ५,००० किलोमीटरला २० पीपीएम म्हणजे दर हजारी ४, आणि १०,००० किलोमीटरला ३६ पीपीएम म्हणजे दर हजारी ३.६. दुसरा आकडा मोठा आहे आणि झिजेचा वेग मात्र कमी आहे. अशा अहवालावरून ऑइल लवकर बदलू लागले, तर पुढचा आकडा लहान येतो, मालकाला समाधान वाटते आणि इंजिन पूर्वीच्याच वेगाने झिजत राहते.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे टॉप-अप. समजा चेंबरमध्ये ४ लिटर ऑइल मावते, इंजिन दर २,००० किलोमीटरला १ लिटर खाते आणि मालक ते थोडे थोडे भरत राहतो. ८,००० किलोमीटरमध्ये चार लिटर नवे ऑइल आत गेलेले असते. दर हजारी ४ पीपीएमच्या वेगाने लोखंड येत असेल, तर एरवी ३२ दिसला असता तो आकडा सुमारे २० वरच थांबतो, कारण जळालेल्या ऑइलबरोबर काही धातूही निघून गेला आणि उरलेला पातळ झाला. म्हातारे इंजिन तरण्या इंजिनासारखे दिसू लागते ते यामुळे. मात्र याच नमुन्यातला टीबीएनचा आकडा खोटा नसतो, कारण टॉप-अपमधून ताजा अल्कधर्मी घटक खरोखरच आत आलेला असतो. एकाच टॉप-अपने झिजेचा आकडा फसवा होतो आणि दमाचा आकडा खरा राहतो; दोन रकाने वेगळे वाचायचे का, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

बाहेरून आलेली घाण या दोन्ही बाजूंना स्पर्श करते. सिलिकॉन ॲल्युमिनियमसह वाढले तर धूळ आत येते आहे आणि एअर फिल्टरपासून इनटेकच्या पाइपपर्यंत सगळे तपासायला हवे. एकटे सिलिकॉन गॅस्केटला लावलेल्या सीलंटमधूनही येते. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढले तर कूलंटचा संशय घ्यावा. पेट्रोल किंवा डिझेल मिसळले तर दाटपणा उतरतो. अशा वेळी दुरुस्ती आणि ऑइल बदल दोन्ही तातडीने करावेत.

टीबीएनची तुलना करताना चाचणीची पद्धत एकच असावी. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या डी २८९६ आणि डी ४७३९ या दोन पद्धती वापरलेल्या ऑइलवर सारखे आकडे देत नाहीत. पहिलीत अधिक तीव्र आम्ल वापरतात आणि तिचा आकडा सहसा मोठा येतो. नव्या ऑइलचा आकडा एका पद्धतीचा आणि जुन्याचा दुसऱ्या पद्धतीचा घेतला, तर वजाबाकीला काही अर्थ राहत नाही. म्हणून त्याच ब्रँडच्या न वापरलेल्या ऑइलचा एक नमुना त्याच प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावा. टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला की मी ऑइल बदलतो. काहीजण त्याच्याही खाली जातात, पण रिंगांतून वायू गळणाऱ्या जुन्या इंजिनात आम्ले लवकर साचतात, तेव्हा तेवढी शिल्लक हाताशी असलेली बरी.

धातूंचा आकडा लहान आहे म्हणून इंजिन सुरक्षित आहे असेही समजू नये. धातू मोजणारे यंत्र साधारण ५ ते १० मायक्रॉनहून मोठे कण नीट पाहू शकत नाही, आणि बेअरिंगचे तुकडे पडू लागतात तेव्हा ते त्याहून मोठे असतात. त्यासाठी जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून पाहावा. चकाकणारे कण तिथे सापडतात.

नमुना गरम इंजिनातून, ड्रेन नट काढल्यावर पहिली धार सोडून मधल्या धारेतून घ्यावा. बाटलीवर त्या ऑइलचे किलोमीटर आणि भरलेले टॉप-अप लिटरमध्ये लिहावे. टॉप-अपची नोंद नसलेला जुन्या गाडीचा अहवाल मी वाचायलाही घेत नाही. अंतर वाढवायचेच असेल तर एका वेळी हजार-दीड हजार किलोमीटरने वाढवावे, दर टप्प्यावर टीबीएन आणि दाटपणा पाहावा, आणि लोखंडाचा दर हजारी वेग वेगळ्या वहीत, टॉप-अप हिशोबात धरून, निदान तीन नमुन्यांपर्यंत लिहीत जावे.