ओल्या फडक्याचा हिशेब

दोन सारखे थर्मामीटर घ्या आणि एकाच्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळा. हवा ४० अंश सेल्सिअस, आर्द्रता २० टक्के आणि थोडा वारा असेल, तर ओला थर्मामीटर काही मिनिटांत २३ अंशांच्या आसपास उतरतो. फडक्यातलं पाणी सुरुवातीला ४० अंशांचं असलं तरीही. कॉम्प्रेसर नाही, वीज नाही.

मला हा साधा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण वरवर पाहता तो उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमालाच छेद देतो. उष्णता आपणहून थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, असं रुडॉल्फ क्लाउसियसने १८५० च्या दशकात मांडलं. मग एकाच तापमानाच्या पाण्यात आणि हवेत १७ अंशांचा फरक आपोआप पडला कसा?

नेहमीचं उत्तर असं: वेगवान रेणू वाफ होऊन निसटतात, मागे संथ रेणू उरतात. ते खरं आहे, पण अपुरं. आर्द्रता १०० टक्के असतानाही रेणू निसटतच असतात. फक्त तेवढेच रेणू हवेतून परत येतात आणि नेलेली ऊर्जा परत आणतात. फडकं जराही गार होत नाही. म्हणजे खरं इंधन आहे हवेचा कोरडेपणा.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात पावणेसहाशे ग्रॅम पाणी एका अंशाने गार होईल. ही उष्णता गमावताना फडक्यातल्या पाण्याची एंट्रॉपी, म्हणजे ऊर्जा आणि रेणू किती विखुरलेले आहेत याचं माप, घटते. पण द्रवात दाटीने बसलेले रेणू कोरड्या हवेत पसरताना एंट्रॉपी त्याहून जास्त वाढते, आणि दुसरा नियम एकूण बेरीज पाहतो: ती घटत नाही, एवढंच तो सांगतो. हवा जितकी कोरडी, तितकी ही वाढ मोठी.

२३ अंशांवर बाष्पीभवन थांबत नाही. वाफ जेवढी उष्णता नेते, तेवढीच गरम हवेतून फडक्यात येत राहते, इतकंच. हेच फडकं बंद बरणीत ठेवलं तर हवा बाष्पाने भरते, तापमानं एक होतात आणि सगळं थांबतं.

घामाचंही हेच गणित. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. ओला थर्मामीटरच ३५ अंश दाखवू लागला, तर सावली, पंखा आणि हवं तेवढं पिण्याचं पाणी असूनही घाम शरीरातली उष्णता बाहेर काढू शकत नाही.