मरे प्लेस (ग्लासगो)

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या दक्षिणेस स्ट्रॅथबंगो येथे वालुकाश्मात बांधलेली दहा घरांची व्हिक्टोरियाकालीन ओळ. वास्तुकार अलेक्झांडर टॉमसन (१८१७–७५). बांधकाम साधारणतः १८५९–६१ असे मानले जाते. ‘अ’ श्रेणीची संरक्षित वास्तू. अशा ओळीला इंग्रजीत ‘टेरेस’ म्हणतात. येथे ‘टेरेस’ म्हणजे गच्ची नव्हे. सामाईक भिंतींनी जोडलेली आणि एकाच दर्शनी आराखड्यात बसवलेली घरे, असा या शब्दाचा अर्थ आहे. ओळीतील पहिल्या क्रमांकाच्या घरात टॉमसन स्वतः १८६१ पासून मृत्यूपर्यंत राहत होता.

ओळ दुमजली आहे. दोन टोकांची घरे किंचित पुढे आलेली असून त्यांवर दोन्ही मजले व्यापणारे भित्तिस्तंभ व त्रिकोणी शिरोभाग आहेत. त्यामुळे ती लहानशा देवळांसारखी दिसतात. मधल्या आठ घरांच्या वरच्या मजल्यावर चौकोनी आखूड खांबांची अखंड रांग असून खिडक्या खांबांमधील अंतरात आहेत. एक घर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे या रांगेवरून कळत नाही. छपरावरील धुराड्यांची टोके इजिप्ती कमळाच्या घाटाची आहेत. कमान मात्र दर्शनी भागात कोठेही नाही.

कमान टाळण्यामागे टॉमसनची ठाम धारणा होती. ग्लासगो विद्यापीठासाठी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने केलेल्या गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीतील) आराखड्यावर त्याने १८६६ मध्ये टीका केली. कमान दोन्ही बाजूंना सतत रेटा देते, तर खांबावर आडवी ठेवलेली शिळा स्वस्थ राहते. म्हणून उभ्या शिळांवर आडव्या शिळा ठेवलेल्या प्रागैतिहासिक स्टोनहेंजची रचना यॉर्कच्या कॅथीड्रलपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे तो म्हणे. टोमणा म्हणून हे चांगलेच आहे. स्थापत्यशास्त्र म्हणून एकांगी.

चौकोनी खांबांच्या रांगेचे मूळ वादग्रस्त आहे. वास्तुकार कार्ल फ्रीड्रिख शिंकेलच्या बर्लिनमधील नाट्यगृहाकडे (१८१८–२१) काही अभ्यासक बोट दाखवतात. तेथेही भिंतीऐवजी चौकोनी खांबांची जाळी दिसते. टॉमसन परदेशी कधी गेला नव्हता, पण शिंकेलचे आराखडे छापील स्वरूपात उपलब्ध होते. दुसरा पक्ष अथेन्समधील थ्रॅसिलसच्या स्मारकाचा (इ. स. पू. ३२०–१९). अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरील या स्मारकाचे दर्शनी खांब चौकोनी होते. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात ते उद्ध्वस्त झाले, तरी त्यापूर्वी जेम्स स्ट्यूअर्ट व निकोलस रेव्हेट यांनी त्याची मोजमापांसह चित्रे प्रसिद्ध केली होती. शिंकेलनेही याच स्मारकाचा आधार घेतला, हे लक्षात घेता दोघांचे साम्य उसनवारीपेक्षा समान उगमाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एवढ्याच खांबांवर इजिप्तची छाप शोधण्याचे प्रयत्न तितकेसे पटत नाहीत. धुराड्यांची गोष्ट वेगळी.

ग्लासगोतील त्या काळच्या घरांचा फिकट पिवळसर वालुकाश्म बहुतांशी शहराच्या आसपासच्या खाणींतून येई. दक्षिणेकडील गिफनॉकच्या खाणी त्यांत प्रसिद्ध होत्या. तेथील ज्या थरात पदर जवळजवळ दिसत नाहीत, त्याला खाणकामगार ‘लिव्हर रॉक’ म्हणत. असा दगड कोणत्याही बाजूने घडवता येई. इतर वालुकाश्म मात्र पदर आडवे राहतील असाच बसवावा लागतो. पदर उभे ठेवून बसवला, तर पाणी व गोठण यांमुळे दर्शनी पापुद्रे सुटतात. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाशी परिचय असलेल्याला हा दोष सहसा भेटत नाही. दर्शनी भिंत गुळगुळीत घडीव चिऱ्यांची आणि मागची भिंत ओबडधोबड दगडांची ठेवण्याचा प्रघात शहरात सर्वत्र होता. शतकाच्या अखेरीस स्थानिक खाणी आटत गेल्यावर डमफ्रीस व एअरशर भागांतील तांबड्या दगडाने त्यांची जागा घेतली. म्हणूनच दगडाच्या रंगावरून शहरातील इमारतीचा काळ ढोबळमानाने सांगता येतो.

स्कॉटलंडमध्ये संरक्षित वास्तूंची यादी करण्याची तरतूद १९४७ च्या नगररचना कायद्याने झाली. अ, ब आणि क अशा तीन श्रेणी आहेत. संरक्षण घराच्या अंतर्भागालाही लागू असते. वास्तुइतिहासकार गॅव्हिन स्टॅम्प यांनी पहिल्या क्रमांकाच्या घरात वास्तव्य करून त्याची डागडुजी केली.

दुरुस्तीत खरी अडचण सांध्यांची असते. विसाव्या शतकात अशा घरांच्या चिऱ्यांमधील सांधे सिमेंटने भरले गेले. सिमेंट दगडापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्याने ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते आणि चिऱ्याच्या कडा झिजतात. त्यामुळे आता पुन्हा चुना वापरतात. कोळशाची काजळी काढण्यासाठी वाळूचा मारा वा रसायने वापरून शहरातील अनेक इमारती धुतल्या गेल्या. त्यात नक्षीच्या धारा बोथट झाल्या, आणि काही ठिकाणी धुतलेल्या दगडावर हिरवे शेवाळ अधिक जोमाने वाढले. गिफनॉकच्या खाणी बंद असल्याने बदली दगड बहुधा उत्तर इंग्लंडमधून आणावा लागतो.