शुद्ध जातीच्या कुत्र्यांमधील आनुवंशिक मज्जाविकार

जनुकातील बदलामुळे पिल्लाला आई-बापाकडून मिळणारे मेंदूचे, मज्जारज्जूचे आणि मज्जातंतूंचे आजार. यांतले काही मिश्र पैदाशीच्या कुत्र्यांतही आढळतात, पण ठरावीक जातींत ते पुन:पुन्हा उमटतात. त्याचे मूळ जाती राखण्याच्या पद्धतीत आहे.

लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशनोंदवह्यांची पद्धत रुळली. आई-बाप नोंदवहीत असतील तरच पिल्लू त्या जातीचे. बाहेरच्या रक्ताला दार बंद. त्यात प्रदर्शन गाजवलेल्या एकाच नराकडून भरमसाट पिल्ले घेतली जातात. त्या नरात एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली, तरी दुसरी काम भागवते आणि तो ठणठणीत दिसतो. काही पिढ्यांनी त्याचेच वंशज एकमेकांशी जुळवले, की बिघडलेली प्रत दोन्हीकडून येते आणि आजार उघडा पडतो. बहुतेक ज्ञात विकार अशा अप्रभावी वारशाचे आहेत.

जर्मन शेफर्ड, बॉक्सर, पेंब्रोक वेल्श कॉर्गी या जातींतला मज्जारज्जूचा ऱ्हास आठ वर्षांच्या आसपास सुरू होतो. आधी मागच्या पायाची नखे फरशीवर घासल्याचा आवाज येतो; पाहिले तर मधल्या नखांची टोके झिजलेली असतात. पुढे पंजा उलटा पडला तरी कुत्रे तो सरळ करत नाही. दुखत नसते, म्हणून ते उठायची धडपड चालूच ठेवते, आणि सांभाळणाऱ्याला हेच पाहवत नाही. यामागे एसओडी१ जनुकातील बदल असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. माणसातील एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या, आजाराच्या काही कुटुंबांतही हेच जनुक बिघडलेले असते. मात्र दोन्ही प्रती सदोष असलेले प्रत्येक कुत्रे आजारी पडतेच असे नाही.

डॉबरमनमधील निद्राविकार वेगळाच. खाण्याचे भांडे दिसताच आनंदाने धावलेले कुत्रे मध्येच पाय गळून कोसळते आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही असे उठते. मेंदूला जागे ठेवणाऱ्या हायपोक्रेटिन या रसायनाचा संदेश स्वीकारणारे एक प्रथिन त्यात बिघडलेले असते, हे १९९९ मध्ये कळले. त्यातूनच संशोधकांचे लक्ष माणसातील याच विकाराकडे वळले. तिथे हे रसायन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या आढळल्या.

तारकेसी लघु डॅक्सहुंडमधील लाफोरा या अपस्माराच्या आजारात डीएनएचा १२ अक्षरांचा तुकडा, जो एरवी दोन-तीनदा येतो, तो वीसएक वेळा येतो. लुकलुकता प्रकाश किंवा अचानक हललेला हात एवढ्यानेही कुत्र्याला झटका बसतो. बॉर्डर कॉलीमध्ये सीएलएन५ जनुक बिघडले, तर पेशीतील टाकाऊ द्रव्य मेंदूत साठत जाते. कुत्रे तीन वर्षांचेही होत नाही.

जनुक माहीत असलेल्या विकारांसाठी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. एकच प्रत बिघडलेले, स्वतः निरोगी कुत्रे म्हणजे वाहक. दोन वाहक जुळवले तर सरासरी चौथा हिस्सा पिल्ले बाधित होतात. वाहक आणि निर्दोष जुळवले तर एकही नाही, निम्मी वाहक. त्यामुळे वाहक सरसकट बाद करणे ही मोठी चूक आहे. तसे केल्यास आधीच तोकडा असलेला जनुकसाठा आणखी आटतो आणि दुसराच एखादा लपलेला दोष डोके वर काढतो. मज्जारज्जूच्या ऱ्हासासारखा आजार दिसेपर्यंत कुत्र्याची पिल्लेही मोठी झालेली असतात, म्हणून चाचणी जुळवणीआधीच हवी.

सगळे आजार एका जनुकाचे नाहीत. अपस्माराच्या बहुतेक प्रकारांत अनेक जनुके गुंतलेली असतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होतात आणि कुत्रे मानेजवळ, पाय अंगाला न टेकवता, हवेतच खाजवत राहते. इथे एक चाचणी पुरत नाही. पैदाशीच्या कुत्र्यांचा एमआरआय काढून जोड्या ठरवाव्या लागतात, आणि लहानपणी स्वच्छ दिसलेल्या कुत्र्यातही पुढे पोकळी होऊ शकते, म्हणून तो वाढत्या वयात पुन्हा काढावा लागतो.