पोटावरची पिशवी आणि स्टोमा परिचर्येची घडण

गुदाशयाचा कर्करोग, आतड्याचा दीर्घकालीन दाह किंवा जन्मतः नसलेले गुदद्वार अशा कारणांमुळे मलविसर्जनाचा मार्ग पोटावर काढावा लागतो, आणि मूत्राशय काढून टाकले तर लघवीचाही. या मुखाला स्टोमा म्हणतात. त्याची निगा हे आज परिचर्येतील स्वतंत्र विशेष क्षेत्र आहे. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्यानंतरही ते उभे राहायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

फ्रान्समधील ब्रेस्ट येथे द्युरे यांनी १७९३ साली गुदद्वार नसलेल्या तीन दिवसांच्या अर्भकावर कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) केली आणि ते मूल पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. लंडनच्या माइल्स यांनी १९०८ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगावरील विस्तृत शस्त्रक्रिया मांडल्यावर कायमची कोलोस्टॉमी घेऊन जगणाऱ्यांची संख्या वाढत गेली. मात्र घरी परतलेल्या या माणसांनी दिवस कसा काढायचा, हा प्रश्न कापडाच्या घड्या, कापूस, पट्टे आणि वास मारणाऱ्या रबरी पिशव्या यांवरच सोडून दिलेला होता. लहान आतड्याचा स्टोमा असेल, तर हाल आणखी वाढत, कारण तिथून सतत झिरपणाऱ्या पातळ मळात पाचकरस असतात आणि ते भोवतालची कातडी अक्षरशः सोलून काढतात. बर्मिंगहॅमच्या ब्रुक यांनी १९५२ मध्ये आतड्याचे टोक सदऱ्याच्या बाहीसारखे उलटे दुमडून त्वचेला शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे स्टोमा थोडा वर उचललेला राहून मळ पिशवीत पडू लागला.

उरलेला प्रश्न कातडीचा आणि पिशवीचा होता, आणि तो सोडवण्यात शल्यचिकित्सकांइतकाच वाटा इतरांचा आहे. कोपनहेगनच्या एलिसे सॉरेन्सेन या परिचारिकेची बहीण कोलोस्टॉमीनंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेनाशी झाली. त्यातून एलिसे यांना १९५४ साली थेट त्वचेला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या प्लास्टिक पिशवीची कल्पना सुचली. प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे लुई-हान्सेन आधी फारसे उत्सुक नव्हते. त्यांच्या पत्नीने, जी स्वतः परिचारिका होती, आग्रह धरला म्हणून ती प्रत्यक्षात आली.

अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकचे टर्नबुल कराया डिंकाची पूड त्वचेच्या रक्षणासाठी वापरू लागले. हा डिंक आपल्याकडच्या कांडोळाच्या झाडाचा. तेव्हा तो दातांची कवळी चिकटवण्यासारख्या कामांना जात असे. ओलसर, सोललेल्या कातडीवरही तो धरतो. लघवीने मात्र तो विरघळतो, म्हणून पुढे हायड्रोकोलॉइड या ओल शोषून त्वचेला चिकटून राहणाऱ्या पदार्थाच्या चकत्यांनी त्याची जागा घेतली.

टर्नबुल यांच्याच रुग्ण नॉर्मा गिल यांची १९५४ मध्ये इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) झाली होती. त्या परिचारिका नव्हत्या. तरीही इतर रुग्णांना शिकवण्यासाठी त्यांना १९५८ मध्ये क्लिनिकने नोकरीवर घेतले आणि १९६१ मध्ये तिथेच या विषयाचे पहिले प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. आरंभी तिथे स्वतः स्टोमा असलेलेच बहुतेक शिकायला येत. प्रवेशासाठी परिचर्येची पात्रता पुढच्या काळात आवश्यक ठरली. १९७८ मध्ये या व्यावसायिकांची जागतिक परिषद स्थापन झाली. भारतात मुंबईत १९७५ साली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली.

या परंपरेतून आलेले एक काम शस्त्रक्रियेच्या आधीच करावे लागते, आणि माझ्या मते त्याचे मोल सर्वांत अधिक आहे. परिचारिका रुग्णाला बसवते, वाकवते, उभे करते, पोटाच्या वळ्या कुठे पडतात ते पाहते आणि रुग्णाच्या नजरेच्या व हाताच्या टप्प्यात येईल अशी स्टोमाची जागा शाईने खुणावते. आपल्याकडे परकराची नाडी किंवा धोतराचा कासोटा नेमका कुठे आवळला जातो, हेही त्या वेळी पाहावे लागते, कारण खूण त्या रेषेवर आली तर पिशवी रोजच दाबली जाऊन गळते.